मागखात्यातली बोली

नायगावच्या बाजारात झेंडू उतरला की मला कळतं, नवरात्र संपत आलं. टेम्पोच्या टेम्पो रिकामे होतात, ताडपत्र्यांवर पिवळ्या-केशरी राशी पडतात आणि त्यांचा तो उग्र, कडवट वास भज्यांच्या गाड्यापासून बँकेच्या पायऱ्यांपर्यंत पोचतो. मोगऱ्याचं, गुलाबाचं कौतुक करणारे पुष्कळ असतात. झेंडूला कुणी नाक लावत नाही. तो किलोनं घ्यायचा, ओवायचा आणि ट्रॅक्टरवर, पिठाच्या गिरणीवर, शिलाई मशीनवर चढवायचा. कामाच्या वस्तूंचं फूल आहे ते. शेतांतून सोयाबीन निघालेलं असतं, मळणीचा भुसा हवेत तरंगत असतो, दुपारचं ऊन चावतं आणि पहाटेच्या पाण्याला मात्र गारवा आलेला असतो. दरवर्षी या दिवसांत मी झेंडू घ्यायला जाते आणि पिशवी हातात धरून उगाच थोडा वेळ उभी राहते. तीन वर्षांपूर्वीचे ते दिवस आठवतात. नांदेड आणि लातूर, कापडाची मिल आणि तेलाची गिरणी, आणि माझ्याबरोबर ऐंशी ओलांडलेले माझे अप्पा, एक शब्दही न बोलणारे.

ते का बोलत नव्हते, हे आधी सांगायला हवं. अप्पा म्हणजे माझे वडील. नांदेडच्या मिलमध्ये मागखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, त्यांनी उभी हयात काढली. मिल बंद पडली तेव्हा कान अर्धे गेले होते, पुढं उरलेलेही गेले. आम्ही कानाचं मशीन आणलं. दोन दिवस लावून ते म्हणाले, "नुसता कालवा ऐकू येतो," आणि मशीन डबीत घालून फळीवर ठेवून दिलं. मग आम्ही ओरडायला लागलो. माझा मोठा भाऊ दादा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन असा ओरडायचा, की शेजारचे "काय झालं, काय झालं" करत यायचे. तरी कधी अप्पांना कळायचं, कधी नाही. चहा झालाय हे तीनदा कानात ओरडून पोचायचं नाही आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी हळूच काही चेष्टा केली तर ते हसायचे. "अप्पांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं," असं आमच्या घरात ठरूनच गेलं होतं.

त्या वर्षी गणपतीत मी नांदेडला गेले तेव्हा दादानं विषय काढला. त्याच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली होती आणि सगळं बिऱ्हाड तिकडं हलायचं घाटत होतं. चौथ्या मजल्यावरचं घर, अनोळखी गाव, अप्पांचं काय करायचं? "तू नेशील का नायगावला?" दादानं विचारलं. अंगणात आम्ही दोघं उभे होतो आणि अप्पा पंधरा-वीस पावलांवर, समोरच्या ओट्यावर बसले होते. मी आवाज खाली आणला. खरं तर तेवढीही गरज नाही असंच मला वाटत होतं. मी म्हणाले, "माझ्याकडं नको दादा. दिवसभर शाळेत पोरांसाठी ओरडायचं आणि घरी येऊन यांच्यासाठी ओरडायचं, माझ्यानं नाही होत. भिंतीशी बोलल्यासारखं आहे ते."  त्या दिवसापासून अप्पांनी बोलणं टाकलं. हो नाही, नाही नाही. ताटावर बसायचे, जेवायचे, उठून ओट्यावर जायचे. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आम्हीही म्हणालो, वय झालं. वयावर काय वाटेल ते ढकलता येतं.

नवरात्राच्या आधी आमच्या शाळेत हेडमास्तरांनी 'आपल्या भागाचा वारसा' असा एक प्रकल्प काढला. कुणी किल्ला घेतला, कुणी बारव, कुणी देवळं. माझ्यापर्यंत येईस्तोवर काही उरलंच नाही, म्हणून मी म्हणाले, मी जुने कारखाने घेते. नांदेडची मिल, लातूरच्या तेलगिरण्या. हेडमास्तर हसले. "बाई, कारखाना वारसा असतो व्हय? वारसा म्हनल्यावर जुना दगुड पायजे." मी म्हणाले, मिलच्या पायातही दगडच आहे. फोटो काढून आणायचे, पोरांकडून तक्ते करून घ्यायचे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अप्पांना बरोबर ने, असं दादानं सुचवलं. मी लगेच हो म्हणाले. घरी ठेवून घ्यायला नकार दिला होता, निदान दोन दिवस हिंडवून तरी आणू, असा स्वस्तातला विचार त्यामागं होता. आज तो लिहायलाही लाज वाटते.

खंडेनवमीचा दिवस मी मुद्दाम धरला होता. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी विळे-कुदळी मांडतो, सुतार रंधा मांडतो, आणि मिल चालू होती तेव्हा मिलमध्ये माग पुजले जायचे. वर्षातून तेवढाच एक दिवस कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आईचं बोट धरून मागखात्याच्या दारात गेले आणि पाऊल पुढं पडेना. करवतीच्या दातांसारखं चढत-उतरत गेलेलं छप्पर, त्याच्या एका अंगाला काचा, आणि त्या काचांतून खाली पडणारा सगळीकडं सारखा, सावली नसलेला उजेड. त्या उजेडात रांगाच्या रांगा माग उभे. शेवटची रांग कुठं आहे हे टाचा उंचावूनही दिसत नव्हतं. फरशी धुतलेली, कापसाचं तूस झाडून काढलेलं, प्रत्येक मागाला झेंडूची माळ आणि सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्याला कुंकू. आपले अप्पा रोज इथं येतात, एवढ्या मोठ्या जागेत, आणि घरी येऊन साधेपणानं हातपाय धुऊन भाकरी खातात, याचं मला तेव्हा इतकं आश्चर्य वाटलं की मी दिवसभर त्यांच्याकडं चोरून बघत होते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी पाहिली होती. मशीनं बंद होती, अगदी शांत होतं, तरी ती माणसं बोलत नव्हती. घोळक्यानं उभी होती, ओठ हलत होते, बोटं हलत होती, मधूनच सगळे हसत होते, पण आवाज नाही. मी आईला विचारलं, "हे सगळे गप का?" आई म्हणाली, "गप कुठं हायत? लई बोलून राहिलेत." मला वाटलं, आई माझी फिरकी घेतेय. मोठी झाल्यावर ते विसरूनही गेले.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या खंडेनवमीला सकाळी मी आणि अप्पा मिलच्या फाटकाशी गेलो, तेव्हा तिथं सात-आठ म्हातारी माणसं आधीच जमलेली होती. धुतलेली धोतरं, पांढऱ्या टोप्या, हातात झेंडूच्या पुड्या. मिल नाही, पगार नाही, साहेब नाही, तरी दरवर्षी येतात म्हणे. फाटकाला हार घालतात, नारळ फोडतात. पहाऱ्यावरच्या माणसानं कुलूप काढून दिलं. "आजच्या दिसाला न्हाई म्हनता येत नसतं," तो म्हणाला.

आत बाभळी माजल्या होत्या. मागखात्याचं छप्पर गेलेलं, काचांचं नाव नाही, नुसते लोखंडी खांब आणि फरशी, आणि तिच्या फटींतून कमरेइतकं गवत. माग तर केव्हाच भंगारात गेले. मी मोबाइल काढून फोटोला काहीतरी बरं दिसतंय का ते शोधत होते. माझ्या मागून अप्पा पुढं गेले. काठी टेकत, कुणाला न विचारता, गवतातून सरळ गेले, एका खांबाशी डावीकडं वळले, थोडं चालून थांबले आणि काठीनं गवत बाजूला सारलं. खाली फरशीत माग जखडायचे चार गंजलेले बोल्ट होते. त्यांनी खाली वाकून त्यातल्या एकावर झेंडूचं फूल ठेवलं. आजूबाजूला अशा बोल्टांच्या चौकड्याच चौकड्या होत्या, सगळ्या सारख्या. मला फरक सांगता आला नसता. अप्पांनी दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही.  माणूस वर्षानुवर्षं एका जागी उभा राहिला की ती जागा त्याच्या पायांत उतरते, एवढंच खरं तर ते होतं, पण मी तिथं मान खाली घालून उभी राहिले आणि फोटो काढायचं विसरले.

फाटकाशी परत आलो. आता लातूरला निघालोय असं मी सांगितलं, तर त्या म्हाताऱ्यांतले एक जण मला म्हणाले, "मन्मथप्पाला भेटली का? तुझ्या बापाच्या शेजारच्या मागावर व्हता त्यो. मिल बंद झाली तवा लातूरला गेला, तेलगिरनीत. हाय आजून. लातूरला चाललात, तर भेटच." त्यांनी मोबाइलमधून नंबर काढून दिला. मी फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "आना त्याला. जेवायलाच या."

लातूरच्या एसटीत अप्पांचं तिकीट नव्हतंच, माझं अर्धं. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, दोन्हीकडं कापलेली सोयाबीनची रानं आणि मधूनच उभी हिरवी तूर. अप्पा खिडकीतून बघत होते. मी दोनदा त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "पाणी पाहिजे का?" त्यांनी मान वळवली नाही. पुढच्या सीटवरच्या बाईनं मात्र वळून पाण्याची बाटली पुढं केली.

लातूर हे मला नेहमी नवलाचं गाव वाटत आलंय. नांदेडला गोदावरी आहे, गुरुद्वारा आहे, रेल्वेचा मोठा पसारा आहे. तिथं माणसं का जमली ते समजतं. लातूरला नदीसुद्धा जवळ नाही. काळी माती, करडई, भुईमूग, तूर आणि ते विकायला बसलेली हिकमती माणसं, एवढ्यावर हे गाव उभं राहिलं. मधोमध गंजगोलाई ही गोल बाजारपेठ आणि तिच्यातून चहूकडं फुटलेले सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोनं, एकावर कापड, एकावर भांडी, एकावर गूळ. नवरात्रामुळं गोलाईतल्या देवीला बायकांची रांग लागली होती. त्या गर्दीतून रिक्षा काढताना रिक्षावाला म्हणाला, "पैले हितून गेलं तर कपड्याला तेलाचा वास लागायचा बाई. लगनाला जाता यायचं न्हाई." आता वास नाही. गिरण्यांच्या जागी गाळे झाले, मंगल कार्यालयं झाली, आणि शिकवण्यांना गावोगावहून आलेल्या पोरांसाठी अभ्यासिका झाल्या.

मन्मथप्पा काका आम्हाला भेटले ते अशाच एका अभ्यासिकेच्या दारात. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अप्पांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. ज्या तेलगिरणीत त्यांनी पुढची नोकरी केली, तिच्याच गोदामात आता ही अभ्यासिका होती. त्यांचा मुलगा ती चालवतो आणि किल्ल्या काकांकडं असतात. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना बघितलं. काकांनी 'शरणार्थ' म्हणत नमस्कार केला, अप्पांनी हात जोडले. मिठ्या नाहीत, रडणं नाही. काकांनी मला म्हटलं, "आत या, गिरनी दावतो," आणि बोट ओठांवर ठेवलं.

आत चाळीसेक मुलंमुली पुस्तकात डोकी घालून बसली होती. प्रत्येकासमोर दिवा, पाण्याची बाटली, डॉक्टर व्हायची घाई. भिंतीवर पाटी होती, 'शांतता राखा.' पंख्यांची घरघर सोडली तर पान उलटल्याचा आवाज ऐकू येत होता. आणि तेलाचा वास. गिरणी बंद होऊन एवढी वर्षं झाली, भिंतींना रंगाचे हात दिले, वर फरशी बसवली, तरी दुपार तापली की करडईच्या पेंडीचा तो गोडसर, जुना वास भिंतीतून बाहेर येत होता. त्या पोरांना तो कशाचा हेही माहीत नसेल. मी दाराशी भिंतीला हात लावून उभी राहिले. या भिंतींनी किती गावांच्या फोडण्या केल्या असतील, असा विचार करत होते.

काका दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला एक खिडकी लावायला गेले होते. ती लावून ते वळले आणि तिथूनच त्यांनी अप्पांकडं बघून ओठ हलवले. सावकाश, मोठे मोठे, बिनआवाजाचे. दोन बोटं एकमेकांत अडकवून झटक्यात सोडली. माझ्या शेजारी उभे असलेले अप्पा हसले. मग अप्पांचे ओठ हलले. हात वर आला, होडीसारखा इकडून तिकडं गेला, कपाळाशी टेकला, खाली आला. काकांनी मान मागं टाकून हसू दाबलं. मग दोघं सुरूच झाले. चाळीस पोरांच्या डोक्यांवरून, त्या एवढ्या लांब दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन म्हातारे गप्पा मारत होते आणि पान उलटल्याचा आवाज अजून ऐकू येत होता.

मी अप्पांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. महिनाभर ज्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं, तो भराभर बदलत होता. भुवया चढत होत्या, गाल आत जात होते, डोळे बारीक होत होते. मधेच त्यांनी कुणाची तरी नक्कल केली असावी, खांदे वाकडे करून, तर काकांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. माझे अप्पा विनोदी आहेत, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मान वर केली, एकदा इकडं आणि एकदा तिकडं पाहिलं, कानातली बोंडं काढली आणि पेन खाली ठेवून ती नुसती बघत बसली. हळूहळू आणखी माना वर आल्या. कुणी हसलं नाही. एवढा वेळ त्या पोरांनी अभ्यास सोडलेला बहुधा पहिल्यांदाच असेल. माझ्या आईनं तेव्हा चेष्टा केली नव्हती, हे मला तिथं उभ्या उभ्या उमगलं.

बाहेर पायरीवर चहा आला. अप्पा जरा पलीकडं झाडाखालच्या खुर्चीत, आमच्याकडं पाठ करून बसले. मी काकांना विचारलं, "काय बोलत होतात एवढं?"

"कोन हाय, कोन गेलं, ते. आमचा मुकादम, जॉबर, कसा चालायचा ते काढलं त्यानं." काकांनी बशीत चहा ओतला. "मंग तुमचं घरचं. तू त्याच्या कानात वरडतीस म्हनं."

"त्यांना ऐकू येत नाही ना, काका."

"मंग जिथं येत न्हाई तिथंच कशाला वरडतीस?" ते शांतपणे म्हणाले. "मागखात्यात कुनालाच ऐकू येत नव्हतं. सगळे माग चालू आसले की शेजारी ढोल वाजवला तरी कळंना. आमी व्हट वाचायचो. समोर यायचं, व्हट सावकाश हालवायचे, राहिलं ते हातानं. कानात बोलल्यावर त्याला तुझं तोंड दिसत न्हाई. समोरून वरडलीस तर व्हट वाकडे होतेत. वाचावं काय त्यानं?"

मला आई आठवली. अप्पांना काही सांगायचं असलं की ती हातातलं काम ठेवायची, पदराला हात पुसत त्यांच्या समोर येऊन बसायची आणि मग हळू आवाजात बोलायची. आम्हाला वाटायचं, जुन्या बायकांची रीत. तिच्या हळू आवाजातलं सगळं त्यांना कळायचं आणि आमच्या आरड्याओरड्यातलं काही कळत नव्हतं, आणि याचा अर्थ आम्ही 'सोयीचं ऐकू येतं' असा लावला होता. एका साध्या प्रश्नानं हे सगळं सुटलं असतं. तो प्रश्न घरातल्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचला नाही, त्यातली एक तर शिक्षिका.

मग मी विचारलं, "किती लांबून वाचता येतं?"

"आठ माग. उजेड बरा आसला तर धा."

"म्हणजे किती पावलं?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे त्या बघण्यात कळलं. "अंगनाएवढं," ते म्हणाले. त्यांनी बशी खाली ठेवली. "राग न्हाई त्याला. म्या इचारलं, बोलनं का सोडलास? तर म्हनला, पोरगी भिंत म्हनली. मंग भिंतीनं बोलावं कशाला?"

 किती वर्षं, किती गोष्टी आम्ही त्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांना कळू नये म्हणून मुद्दाम हळू आवाजात. त्यांच्या दुखण्याचं, घर विकावं की ठेवावं त्याचं, त्यांच्या एका मित्राच्या मरणाचं. आवाज जितका हळू, तितके ओठ सरळ. त्यांनी सगळं वाचलं होतं आणि एकदाही तसं दाखवलं नव्हतं. मला त्यांची भीती वाटली, आणि भीतीच्या पलीकडं असा आदर वाटला, जो मला देवळात कधी वाटलेला नाही.

मुक्काम काकांकडंच केला. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मला अंगणात समोर उभं केलं. "आवाज काडू नको. आवाज काडला की तोंड घाई करतंय. एकेक शबुद पुरा कर." मी बिनआवाजाचं 'पाणी' म्हणाले, 'भाकरी' म्हणाले. काका हसले. "तुझ्या तोंडात खडे हायत का गं? व्हट हालतच न्हाईत तुझे. शाळेत पोरान्ला काय कळत आसंल?" त्यांची सून दारात उभी राहून तोंडाला पदर लावत होती. अप्पा आत अंघोळ करत होते, एवढंच बरं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. शेजारी बसून काही उपयोग नाही, हे आता कळलं होतं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली, माणसं उतरली, तेव्हा मी उठून पुढच्या सीटवर उलटी, गुडघे टेकून बसले, अगदी त्यांच्यासमोर. खिडकीतून उजेड माझ्या तोंडावर येतोय ना, ते पाहिलं. आणि आवाज न काढता म्हणाले, "अप्पा, मी चुकले. माझ्याकडं राहायला या."

त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं, मग डोळ्यांकडं. मग त्यांचे ओठ हलले, हात छातीशी येऊन पुढं गेला. मला काही समजलं नाही. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा सांगितलं. तरी नाही. मी वर्गात तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की छडी आपटते, घरी तर दुसऱ्याच वेळेला चिडते. अप्पा चिडले नाहीत. पुढं झुकले, ओठ आणखी सावकाश हलवले, एकेक शब्द वेगळा करून, आणि मला कळेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत थांबले. ते म्हणत होते, "उद्या पुन्हा इचार."

दुसऱ्या दिवशी मी नायगावला होते. अप्पांशी फोनवर काय बोलणार, म्हणून इतक्या वर्षांत मी त्यांना कधी फोन केला नव्हता. संध्याकाळी शाळेतून आल्यावर व्हिडिओ कॉल लावला, दिव्यासमोर उभी राहिले आणि आवाज न काढता विचारलं. दादा तिकडून ओरडला, "आवाज येईना गं तुझा." मी म्हणाले, "तुझ्यासाठी नाहीच तो, फोन अप्पांसमोर धर." अप्पांनी नीट पाहिलं आणि ओठ हलवले, "उद्या." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. रोज विचारायचं आणि रोज उद्या. कधी ते हात वर करून मला थांबवायचे, म्हणजे घाई झाली. कधी हनुवटीकडं बोट करायचे, म्हणजे केस ओठांवर आले. एकदा तर त्यांनी फोन दादाच्या हातातून घेऊन खिडकीशी नेला, कारण मी नीट दिसत नव्हते. हळूहळू विचारणं तेवढंच उरलं नाही. आज वर्गात काय झालं, कुठली पोरगी पहिली आली, भाजी काय केली, सगळं मी सांगायला लागले. ते उत्तरं द्यायचे. निम्मी मला कळायची. आवाज मात्र त्यांनी काढला नाही, आणि ते येणार की नाही याचं उत्तरही दिलं नाही. मला राहून राहून वाटायचं, त्यांनी ठरवलंय, येणार नाहीत. आणि तो त्यांचा अधिकार होता.

दिवाळीच्या सुटीला मी नांदेडला गेले. अप्पा ओट्यावर होते. मी पिशवी खाली ठेवली आणि अंगणाच्या कडेलाच थांबले. तिथूनच, ओठ पुरे उघडत, एकेक शब्द वेगळा करत विचारलं, "अप्पा, माझ्याकडं येता का?" दादा दारात उभा होता, त्याला वाटलं मी गप्प उभी आहे.

अप्पा काठी टेकून उठले. घसा खाकरला. गणपतीपासून न वापरलेला तो आवाज आधी नुसताच घरघरला, मग फुटला, आणि इतका मोठा फुटला की शेजारचे दार उघडून बाहेर आले.

"किती इचारतीस? बॅग कवाच भरून ठिवलीय म्या. तुला बोलता येऊस्तोवर थांबलो व्हतो."